हॅगर्बीचं तळलेलं अंडं

हॅगर्बीच्या विमानतळावर मार्च १९४४ नंतर कोणी तळलेलं अंडं पाहिलं नव्हतं. उकडलेलं मिळायचं, घोटलेलं मिळायचं, गरम पाण्यात सोडून शिजवलेलं मिळायचं. पण तव्यावर फोडलेलं, कडा कुरकुरीत आणि मधे पिवळा बलक शाबूत, असं अंडं कोणी मागितलंच, तर मेसच्या खिडकीतून हिल्डा मॉल्टबी त्या माणसाकडे नुसती बघायची. त्या बघण्यात काय होतं कोण जाणे, माणूस आपसूक म्हणायचा, "बरं, घोटलेलं द्या," आणि ताट घेऊन सटकायचा.

नवीन आलेले लोक कारण विचारत आणि जुने लोक तोंडाला येईल ते सांगत. कोणी म्हणे चिमणी धूर नीट ओढत नाही. कोणी म्हणे हिल्डाबाईचा पंथच वेगळा. मग १९५९ साली तळावर क्षेपणास्त्रं आली, त्यांच्यासोबत द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या आल्या, आणि टाक्यांसोबत एक सुरक्षा अधिकारी आला. द्रवरूप ऑक्सिजनला तेला-तुपाचं वावडं. एक थेंब भेटला की भडका. हा गृहस्थ पहिल्याच दिवशी न्याहारीला बसला, इथे अंडं तळत नाहीत हे त्याने ऐकलं, आणि त्याचा चेहरा उजळला. इतकी दूरदृष्टी त्याने कुठल्याच तळावर पाहिली नव्हती म्हणे! संध्याकाळच्या आत लेखी हुकूम निघाला, की हॅगर्बी तळाच्या हद्दीत तळलेलं अंडं सक्त मना आहे. शेजारच्या चुलीवर रोज सकाळी ढीगभर बेकन आपल्याच चरबीत चुरचुरत असायचं. त्याला कोणी काही विचारलं नाही.

खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं. एक हिल्डा, आणि दुसरा सिरिल एल्विज.

युद्धात या तळावरची स्क्वाड्रन, म्हणजे हवाई तुकडी, बॉम्बफेकी विमानं उडवायची. लोकांना आठवड्याला एक अंडं मिळायचं, तेही मिळालं तर. नाहीतर अंड्याची पिवळी पावडर, चवीला भिंतीच्या चुन्यासारखी. पण जर्मनीवर जाऊन परत आलेल्या वैमानिकाला ताजं तळलेलं अंडं मिळे. काही तळांवर ते निघायच्या आधीच देत. हॅगर्बीला नाही. इथला रिवाज कडक होता, अंडं परतल्यावरच. प्रत्येक विमानाला नाव असे; ते उतरलं की जाण्या-येण्याची नोंद ठेवायच्या फळ्याच्या खोलीतून स्वयंपाकघरात फोन यायचा. फळा सांभाळायचा सिरिल एल्विज, तेव्हा साधा कॉर्पोरल. "जॉर्ज उतरलं. सात," एवढंच तो बोलायचा, की हिल्डा सात अंडी फोडायची. विमान येणार नाही हे नक्की झालं की म्हणायचा, "जॉर्ज बंद," आणि हिल्डा ती सात अंडी परत टोपलीत ठेवायची. बावीस वर्षांची पोर होती ती. पण अंडी ठेवताना तिचा हात कधी चुकला नाही.

"किंग" नावाच्या विमानाच्या शेपटीत वॉली ट्रिग बसायचा. शेपटीतला तोफची, अंगाने काडी, तोंडाने पट्टा. मे महिन्यात त्याचं आणि हिल्डाचं लग्न ठरलं होतं. मार्चमधल्या त्या संध्याकाळी निघताना तो स्वयंपाकघराच्या दारात डोकावला.

"हिल्डे, माझं अंडं ठेव हां. आणि बलक मोडू नकोस. मागच्या खेपेला मोडलास."

"तव्याला धक्का कोणी मारला होता, मी? मोठा आलाय!"

"मी येईस्तोवर दुसऱ्या कुणाला चांगलं तळून देऊ नकोस, म्हणजे झालं."

"नाही देणार. जा आता, उशीर होतोय."

किंग परत आलं नाही. आणि फोनही आला नाही. "उतरलं" म्हणून नाही, "बंद" म्हणूनही नाही. एल्विजने त्या सकाळी रिसीव्हर उचलला, ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. त्याची जीभच उचलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, आता तिला कळलंच असेल. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता काय सांगायचं. आणि मग अठरा वर्षं गेली. या अठरा वर्षांत दोघं रोज चार वाजता एकाच टेबलावर चहा प्यायले, हवेवर बोलले, बीटच्या पिकावर बोलले, तिच्या गुडघ्यावर आणि त्याच्या दातांवर बोलले. त्या फोनबद्दल मात्र एक अक्षर नाही.

हिल्डाला काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. वॉली मेला हे तिला त्याच आठवड्यात कळलं होतं, त्याच्या आईला तार आली तेव्हाच. पण फोन आला नव्हता ना! मग दिलेला शब्द मोडायचा कसा? भिंतीवर तो काळा फोन होता आणि फोनखाली खिळ्याला तो बिडाचा तवा. दर शनिवारी ती तवा काढून पुसायची, चरबीचा हात फिरवायची आणि परत टांगायची.

युद्ध संपलं, स्क्वाड्रन बरखास्त झाली, धावपट्टीवर मेंढ्या चरायला लागल्या. तळावर एक छोटं भांडार तेवढं उरलं, त्याच्या नोंदी ठेवायला एल्विज राहिला आणि मेसमध्ये हिल्डा नागरी स्वयंपाकीण म्हणून राहिली. ग्रिम्झबीला हॉटेलात दीडपट पगाराची नोकरी आली होती, तिने नाही म्हणून सांगितलं. बहिणीने कपाळाला हात लावला.

मग क्षेपणास्त्रं आली. तीन होती. पासष्ट फूट लांब, पांढरी, आपापल्या लोखंडी घरात आडवी झोपलेली. घर रुळांवरून मागे सरकायचं, क्षेपणास्त्र हळूहळू उभं राहायचं, थोडा वेळ उभं राहायचं आणि परत आडवं व्हायचं. याला सराव म्हणत. ही खेळणी सांभाळायला वरच्यांनी जुनी स्क्वाड्रन परत जिवंत केली, तोच क्रमांक, तेच चिन्ह. चिन्हात एक बगळा आणि खाली ब्रीदवाक्य, "आम्ही परत येतो". आता विमानांच्या स्क्वाड्रनला हे ठीक होतं. पण ज्याच्या टोकाला अणुबॉम्ब आहे ती वस्तू परत येण्याचं आश्वासन देते, हे वाचून लंडनहून एक काळजीचं पत्र आलं, की हा नेमका कोणाला दिलेला शब्द समजायचा. त्यावर सव्वा वर्ष पत्रव्यवहार चालला. शेवटी वाक्य तसंच ठेवलं, कारण बगळा आधीच चारशे चहाच्या कपांवर छापून झाला होता.

१९६१ च्या वसंतात स्क्वाड्रन लीडर रुपर्ट ॲन्सडेल प्रमुख म्हणून आले. उंच, गोरे, मिशा कातरलेल्या, आणि परंपरेचं भयंकर वेड. युद्धात ते स्वतः ब्लॅकपूलला ब्लँकेटांच्या गोदामावर होते, म्हणूनच बहुधा. त्यांनी आल्या आल्या ठरवलं, की ही बॉम्बफेकी स्क्वाड्रन आहे आणि बॉम्बफेकी स्क्वाड्रनसारखीच चालेल. प्रत्येक क्षेपणास्त्राला कप्तान नेमला. कप्तान आणि चार माणसं क्षेपणास्त्रापासून लांब एका गाडीत बसून बटणं बघायची. त्यांना "विमानदल" म्हणायचं. मुख्यालयाच्या छापील फॉर्मवर दर महिन्याला उड्डाणाचे तास लिहायचे असत. आधीचे प्रमुख तिथे रेघ मारत. ॲन्सडेलसाहेबांनी पहिल्याच महिन्यात लिहिलं, "गाठलेली उंची पासष्ट फूट. कालावधी पंधरा मिनिटं. सुखरूप परत." मुख्यालयाने चक्क अभिनंदन पाठवलं! अपघातांचं प्रमाण शून्य होतं ना.

मग त्यांनी माळ्यावरून जुना फळा काढला, एल्विजला बोलावलं, आणि क्षेपणास्त्रांना युद्धातल्या विमानांची नावं द्यायची म्हणाले. एल्विज आता वॉरंट ऑफिसर होता, पन्नाशीचा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला.

"जॉर्ज, हाउ आणि… हे काय, किंग! छान नाव आहे. राजेशाही. दोन नंबरला किंग," साहेब म्हणाले.

"साहेब, किंग नको," एल्विज म्हणाला.

"का?"

एल्विज फळा पुसायला लागला. दोन नंबरचं क्षेपणास्त्र किंग झालं.

चार वाजता चहाला त्याने हिल्डाला सांगितलं, खाली मान घालून. हिल्डाने कप बशीत फिरवला.

"त्या पांढऱ्या नळीला?" ती म्हणाली.

"हो."

"साखर दे इकडे," ती म्हणाली.

इथवर सगळं निभावलं असतं. पण ॲन्सडेलसाहेब स्क्वाड्रनचा इतिहास लिहायला बसले. सप्टेंबर १९६२ मध्ये एअर मार्शल पाहणीला यायचे होते, त्यांच्या हातात साहेबांना तो ठेवायचा होता. जुने कागद चाळताना त्यांना अंडं सापडलं. अंडं म्हणजे अंड्याचा रिवाज. साहेब उठलेच खुर्चीवरून. स्वयंपाकघरात आले तेव्हा हिल्डा बटाटे सोलत होती.

"मिस मॉल्टबी, तुम्ही युद्धात इथेच होतात?"

"हो, साहेब."

"मग परतणाऱ्यांसाठी अंडी तुम्हीच तळायचात!"

"हो, साहेब."

"आपण तो रिवाज पुन्हा सुरू करतोय! एअर मार्शल येतील त्या दिवशी सकाळी सराव होईल, आणि सरावाहून परतलेल्या दलाला त्यांच्या देखत तळलेलं अंडं. स्वतः एअर मार्शलनाही एक. काय कल्पना आहे?"

"नाही जमणार, साहेब."

"तो मनाईहुकूम ना? एका दिवसाची सूट मी देतो."

"हुकूम कोण विचारतंय! अंडं परतलेल्यांना असतं. ही पोरं गेली कुठे होती? गाडीत बसून शब्दकोडी सोडवतात. परवा मला विचारत होती, पाच अक्षरी नदी कुठली म्हणून."

मुद्दा साहेबांना पटला, हेच तर त्यांचं दुखणं होतं. रिवाज पाळायचा तर नीट पाळायला हवा. त्यांनी लगेच समिती नेमली. विषय होता, "परत येणे म्हणजे काय?" समितीत साहेब, एल्विज, सुरक्षा अधिकारी आणि किंगचा कप्तान फ्लाइट लेफ्टनंट डेन्झिल फ्रो, असे चौघं. फ्रो तेवीस वर्षांचा, लाल केसांचा, सरळ मनाचा पोरगा. तीन बैठका झाल्या. सुरक्षा अधिकाऱ्याचं म्हणणं, क्षेपणास्त्र खरंच सुटलं तर परत येण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा हा विषय अपघात या सदरात घ्यावा. फ्रो म्हणाला, "सर, ते सुटलं तर पलीकडून त्यांचंही येईल. मग परत यायला आपण तरी असू का? आणि मेस तरी असेल का?" साहेबांनी त्याला विषयाला धरून बोलायला सांगितलं. शेवटी ठराव झाला: क्षेपणास्त्र उभं राहिलं म्हणजे गेलं, आडवं झालं म्हणजे परत आलं, आणि दल मनाने त्याच्यासोबत असतं, सबब दलही परत आलं.

ठराव घेऊन एल्विजच हिल्डाकडे आला. तिने वाचला, घडी घातली, परत त्याच्या खिशात कोंबला.

"सिरिल, तुझी सही आहे यावर."

"सगळ्यांचीच आहे, पोरी."

"ठीक आहे. मग जुनी पद्धत ती सगळीच जुनी पद्धत. फोन येऊ दे. 'किंग उतरलं' म्हणून तू फोन कर, मी अंडी फोडते. फोन नाही तर अंडं नाही. मी त्याला शब्द दिलाय." अठरा वर्षांत ती या विषयावर इतकं कधी बोलली नव्हती. एल्विजचे कान लाल झाले.

"करीन फोन," तो म्हणाला.

एअर मार्शल आले ते पांढऱ्या मिशांचे, कानाने थोडे मंद आणि भुकेले. साडेआठला किंगचं घर मागे सरकलं, नऊ वाजता किंग उभं राहिलं, ऊन पडलं होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सव्वानऊला ते खाली यायला हवं होतं. साडेनऊला फ्रोने साहेबांच्या कानात सांगितलं, की उचलणाऱ्या दांड्याचा दाब गेलाय. वर गेलं, खाली येईना.

मेसमध्ये एअर मार्शल गळ्याला रुमाल लावून बसले होते. समोर कोरडे टोस्ट. पावणेदहा झाले, दहा झाले. स्वयंपाकघरात हिल्डा फोनसमोर उभी. तवा खाली काढलेला, चरबी घातलेली, सहा अंडी ओट्यावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या फोनकडे अशी उघड बघत होती, आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती. बाई गं, नळी आहे ती नळी, असं ती स्वतःला बजावत होती. पण ऐकतंय कोण!

तिकडे साहेब फळ्याच्या खोलीत घुसले.

"एल्विज, फोन करा. उतरलं म्हणून सांगा."

"उतरलेलं नाही, साहेब. खिडकीतून दिसतंय."

"मला दिसतंय! एअर मार्शल तासभर कोरडा टोस्ट चावतायत! फोन करा."

"नाही करणार."

"हा हुकूम आहे."

एल्विज उभा राहिला. हातातला खडू त्याने फळीवर ठेवला. "साहेब, एकदा या बाईला खरं ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. आता खोटं सांगायला तर अजिबात उचलणार नाही. माझं पेन्शन कापा, काय करायचं ते करा."

एअर मार्शलना घोटलेलं अंडं मिळालं. ते म्हणाले फार छान आहे, आणि दुसऱ्यांदा मागितलं. इतिहास मात्र ते टेबलावरच विसरून गेले, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग पडला. किंग दुपारी तीनला उतरलं, दोन क्रेनी लावून, दोर बांधून. एल्विज म्हणाला, याला उतरणं म्हणत नाहीत, याला उचलून आणणं म्हणतात. त्याने फोन केला नाही.

त्या डागाने साहेबांचं डोकं फिरलं. एल्विजला हात लावता येत नव्हता, तो हवाई दलाचा जुना माणूस. हिल्डा नागरी नोकर. तिला पत्र मिळालं: ऑक्टोबरअखेर सेवा समाप्त. कारण, "स्क्वाड्रनच्या परंपरेशी असहकार". ते वाचून ती इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसणं थांबलं आणि पाणी थांबेना. नोकरीचं तिला फार नव्हतं. ग्रिम्झबीचं हॉटेल अजून होतं. पण ती गेली आणि मागाहून फोन वाजला तर? कसला फोन, कुणाचा फोन, सगळं तिला माहीत होतं. तरी तिने शनिवार नसताना तवा काढून पुसला. नवीन येणारी बाई तो तवा भंगारात टाकेल, आणि वॉलीला दिलेल्या शब्दाची या जगात एकही खूण राहणार नाही.

ती महिनाअखेर यायच्या आधी क्युबाचं संकट आलं. रेडिओवर नुसतं तेच. कुठल्या बेटावर कोणी क्षेपणास्त्रं ठेवली, जहाजं निघाली, जहाजं अडवणार. हॅगर्बीची फाटकं बंद झाली. शुक्रवारी पहाटे सहाला तिन्ही क्षेपणास्त्रं उभी राहिली आणि या वेळी पंधरा मिनिटांनी खाली आली नाहीत. तासाने आली नाहीत. दिवसभर आली नाहीत. गावातून पाहिलं तर बीटच्या शेतांमागे तीन पांढरे खांब. पाद्री त्यांच्याकडे पाठ करून चालायचा.

दलाला गाडीतून हलायची मुभा नव्हती. आठ-आठ तासांच्या पाळ्या असत, पण किंगच्या दुसऱ्या पाळीतले तिघं फ्लूने आजारी, म्हणून फ्रो आणि त्याचे चौघं तिथेच बसून राहिले. हिल्डा त्यांना सूप आणि सँडविच पाठवत होती. शनिवारी दुपारी तिने स्वतःच किटली घेतली आणि सायकलवरून गेली. पहारेकऱ्याने अडवलं. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने फाटक उघडलं.

फ्रो गाडीच्या पायरीवर आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. शब्दकोडं कुठेच दिसत नव्हतं.

"बाई, तुम्ही कशाला आलात?"

"चहा आहे. गरम आहे तोवर घ्या."

तो कप धरून बसला, प्याला नाही. "बाई, माझ्याकडे एक किल्ली आहे. फिरव म्हटलं तर फिरवायची. मी फिरवीन, शिकवलंयच तसं. पण मग मी बसून राहणार इथेच. कुठे जायचं नाही, कुठून यायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसायचं, त्यांचं येईस्तोवर. तुमच्या त्या युद्धातल्या लोकांना निदान घरी यायचं होतं ना."

हिल्डाला फक्त एवढं दिसलं, की याला वॉलीपेक्षाही भीती वाटतेय आणि हा वॉलीपेक्षाही लहान आहे. वॉली चोवीसचा होता.

"तुम्ही उतरून या," ती म्हणाली.

"बाई, आम्ही गेलोच नाहीये."

"मला शहाणपणा शिकवू नका. उतरून या म्हटलं ना. मी फोनपाशी आहे."

ती खरंच फोनपाशी बसली. खुर्ची ओढून, मांडीवर हात ठेवून. शनिवार गेला. रविवारी सकाळी तिने सगळ्यांचं बेकन केलं, भांडी घासली आणि परत बसली. साहेब दोनदा दारात आले, दोनदा परत गेले. त्यांच्या कोटाची बटणं चुकीच्या भोकांत होती. कोणालाच परंपरा आठवत नव्हती.

दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

हिल्डा उठली. रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे एल्विजचा श्वास ऐकू येत होता.

"बोल," ती म्हणाली.

"किंग…" त्याने खाकरून घेतलं. "किंग उतरलं."

"किती?"

"पाच."

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. वरून क्षेपणास्त्रं खाली घ्यायचा हुकूम आला होता आणि सर्वांत आधी किंग उतरलं होतं. तवा खाली काढला. चरबी तापली, पाच अंडी एकामागून एक फुटली, कडा फुलल्या. अठरा वर्षांनी त्या स्वयंपाकघरात तळलेल्या अंड्याचा वास उठला आणि खिडकीतून बाहेर पडला.

बाहेर तो वास पहिल्यांदा लागला सुरक्षा अधिकाऱ्याला. त्याने घंटा बडवली. तीन मिनिटांत आगीचा बंब मेसच्या दारात, त्यावर सहा शिपाई, पाइप उलगडलेला, आणि पुढच्या सीटवर ॲन्सडेलसाहेब. सगळे आत घुसले आणि जागेवरच थबकले. टेबलाशी फ्रो आणि त्याचे चौघं बसले होते, प्रत्येकासमोर एक अंडं, मधे अख्खा पिवळा बलक. फ्रो रडत होता आणि खात होता.

"पण बाई, आम्ही खरंच कुठे गेलो नव्हतो हो," तो म्हणत होता.

"गप खा. आलात ना परत?"

साहेबांनी टोपी काढली. बटणांकडे त्यांचं लक्ष गेलं, ती त्यांनी नीट लावली. मग हळूच म्हणाले, "मिस मॉल्टबी… मलाही एक मिळेल का?"

"तुमचं नाव फळ्यावर होतं?"

"नाही."

"मग घोटलेलं मिळेल."

साहेबांनी ते घोटलेलं अंडं बंबवाल्यांच्या रांगेत बसून खाल्लं. बडतर्फीचं पत्र त्यांनी मागे घेतलं नाही, कारण पत्र मागे घ्यायचा फॉर्मच नव्हता. त्यांनी ते फक्त फाडलं. त्या महिन्याच्या अहवालात त्यांनी लिहिलं, "किंग. उंची पासष्ट फूट. कालावधी बावन्न तास दहा मिनिटं. सुखरूप परत." स्क्वाड्रनच्या इतिहासातलं ते सर्वांत लांब उड्डाण आहे. या वेळी मुख्यालयाने अभिनंदन पाठवलं नाही, पण कोणी हसलंही नाही.

सगळे निघून गेल्यावर एल्विज आला. अजून चार वाजले नव्हते, चहाची वेळ नव्हती, तरी आला. बोटांना खडू लागलेला. नेहमीच्या खुर्चीत बसला.

"हिल्डा, त्या दिवशी मी फोन करायला हवा होता."

"हो. हवा होतास."

"दोनदा उचलला होता."

"काय सांगणार होतास?"

"तुला माहितीये."

"मला नाही माहीत. मला कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "अठरा वर्षं बसलेय मी इथे, सिरिल! साखर दे, दूध दे, बीट कसं आहे! आता सांग. तू सांगितल्याशिवाय मी ऐकणार नाही."

एल्विजने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तिच्याकडे पाहिलं. "किंग बंद," तो म्हणाला. आणि मग तो पन्नाशीचा वॉरंट ऑफिसर लहान पोरासारखा ओंजळीत तोंड घालून रडला.

हिल्डाने त्याला रडू दिलं. तिने टोपलीतून एक अंडं घेतलं. तवा अजून गरम होता. कड अगदी कुरकुरीत होईस्तोवर ती थांबली, मग अलगद उचलून बशीत घेतलं. कोणी धक्का मारायला नव्हतं. बलक शाबूत उतरला, गोल, पिवळाधमक.

ती टेबलाशी बसली. टोस्टचा कोपरा मोडला, आणि बलक तिने स्वतःच फोडला.